वरातीची घोडी

वरातीच्या घोडीने, मैनाने, लाथ मारून शेजारच्या शिंगराचा जबडा फोडला, तसे तबेल्यातले सगळे काठ्या घेऊन धावले.

"इलाही, तुझी घोडी तू संपवतोस का आम्ही?" दौलतमामा म्हणाले.

इलाहीने हात दुखेपर्यंत तिला चाबकाने झोडपलं. ती हटली नाही. उगारलेल्या काठ्यांकडे तिने पाहिलंही नाही. दौलतमामा मात्र पाठीमागे दोर लपवत जवळ गेले, तेव्हा तिने त्यांच्या खांद्याचा लचका तोडला.

इलाहीच्या हातून चाबूक गळला. दर वरातीआधी तोही असाच, काटेरी लगाम पाठीमागे लपवत तिच्याजवळ जायचा.

रिकामे हात पुढे धरून त्याने तिचं तोंड उघडलं. जिभेवरच्या चिरा त्यानेच पाडल्या होत्या. लगाम ओढला की ती थयथयायची, आणि वऱ्हाडी कौतुकाने म्हणायचे, "काय नाचते हो घोडी."