चंपा नावाचं फिलाओ

"तुम्हाला पटणार नाही, मुस्ये," सत्यदेव गुरुजींनी शाळा-इन्स्पेक्टरला आधीच बजावलं. गेर्वेझ वादळानंतर पितों गावच्या शाळेतल्या मुलांनी फिलाओची, म्हणजे सुरूची, रोपं लावली होती. त्या रोपांवरून निघालेला उसाच्या मळ्याचा ट्रॅक्टर कुणा चंपानं अडवला, आणि आता इन्स्पेक्टर तिला शाळेतून काढायला आला होता.

"चंपा हे झाड आहे. पाणी घालणाऱ्या पोराचं नाव आम्ही रोपाला देतो. ट्रॅक्टर दिसताच चंपानं मुळं सोडवली, पदर खोचला आणि वाटेत फतकल मारून बसली."

इन्स्पेक्टर हसू दाबत उठणार, तोच मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"गुरुजी खोटं बोलतात, मुस्ये. माझं झाड अजून वीतभर आहे. वाटेत बसले ती मी. ट्रॅक्टर परत आला, तर परत बसेन."