सफरचंद सोडून सगळं

“निदान सफरचंद तरी खाते ना ती?” मिरेलाने परदेशातून, तोरिनोहून फोनवर विचारलं.

सावेताने टेबलाकडे पाहिलं. बशीतल्या फोडी तांबूस पडल्या होत्या. “खाते की.”

“आजी खोटं बोलते!” सहा वर्षांची रुक्सांद्रा टेबलाखालून ओरडली.

पलीकडे मिरेलाने ते ऐकलं. तिकडे तोरिनोत लेक फळ म्हणून एवढं एकच खायची. “हे बघ आई, जुलैत संत इलिएच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी मी गावी येतेय. तोवर ती नीट खायला लागली नाही, तर परत घेऊन जाईन.”

“सप्टेंबरपर्यंत ठेवते म्हणाली होतीस.”

“खात असली तर.”

मिरेला हल्ली असंच तुटक बोलायची. मार्चमध्ये तिचं काहीतरी लहानसं ऑपरेशन झालं होतं. कसलं ते विचारलं, तर “किरकोळ होतं, झालं आता,” एवढंच म्हणाली आणि मे लागताच पोरीला इकडे पाठवून दिलं. नवरा गेल्यावर तीन वर्षांनी सावेताच्या घरात कुणीतरी धावत होतं, आदळआपट करत होतं. ते ती सुखासुखी जाऊ देणार नव्हती.

इलिएच्या दिवसाला तीन आठवडे होते.

दुसऱ्याच सकाळी तिने जोडीजोडीच्या चेऱ्या रुक्सांद्राच्या कानांवर डुलांसारख्या अडकवल्या आणि आपल्या कामाला लागली. संध्याकाळपर्यंत सहा जोड्या डूल पोटात गेले होते.

काकडी तिने ताटात वाढलीच नाही. “वेलाखाली शोध. सापडली तर तुझी, नाहीतर माझी.” पोरगी पानांत शिरली आणि फ्रॉकला लव पुसून तिथेच कचाकच खात बसली.

टोमॅटोला आठ दिवस लागले. शेवटी सावेताने उन्हात तापलेला एक टोमॅटो हातानेच फोडला, मीठ लावलं आणि डोळे मिटून एकटीने खाल्ला. रुक्सांद्राने अर्धा मागितला, तेव्हा तोही तिने चटकन दिला नाही.

राहिलं सफरचंद. अंगणातलं झाड मिरेला जन्मली त्या वर्षी लावलेलं. त्याची पातळ सालीची पिवळी फळं जून संपतानाच पिकायची. सावेताने ती किसून पोळीत भरली, तर रुक्सांद्राने पोळी उकलून सारण कोंबड्यांना घातलं.

“आवडत नाही का गं?”

“आवडतं.”

“मग?”

“मग काही नाही.”

सावेता तडक कुंपणापाशी गेली. पलीकडे शेजारीण देस्पिना मटार सोलत होती. रुक्सांद्रा अर्धा दिवस तिच्याकडेच पडलेली असायची.

“तुझंच बघून शिकलीय ती. तिच्यासमोर एक घास खा, म्हणजे झालं.”

“इलिएच्या आधी? डोकं फिरलं काय तुझं?”

“तुझा दोरू जाऊन चौतीस वर्षं झाली, देस्पिने.”

“शंभर होऊ देत. इथे मी इलिएआधी खाल्लं की तिकडे स्वर्गात सफरचंदं वाटताना माझ्या दोरूला सांगतील, तुझं तुझ्या आईने खाल्लं. मग दुसऱ्या लेकरांची तोंडं बघत बसायचं त्याने? मी नाही खाणार.”

“माझी पोर परत जाईल गं.”

“टोमॅटो खाते, काकडी खाते. उपाशी मेली नाही तुझी पोर. आणि इलिए काय दहा वर्षांनी यायचाय? त्या दिवशी मी खाईन, ती खाईल. धीर धर जरा. लग्नाआधी तरी कुठे होता म्हणा तुला!”

सावेताला हसू आलं, पण ती हार मानणारी नव्हती. तिने मिरेलाला पढवून ठेवलं. रविवारी व्हिडिओवर मिरेलाने लालभडक सफरचंद समोर धरलं.

“बघ रुक्सी, आई कशी खाते. मी रोज एक खाते.” आणि तिने मोठा लचका तोडला.

“नको खाऊस!” रुक्सांद्रा किंचाळली. “थुंक! आई, थुंक ते!” तिने फोन उशीखाली कोंबला आणि उशीवर चढून बसली. किती समजावलं तरी उठेना.

“शिंगं फुटलीत तुला,” सावेता म्हणाली. “अगदी आईवर गेलीस.”

इलिएच्या दिवशी चर्च सुटल्यावर देस्पिनाने रिवाजाप्रमाणे गल्लीतल्या मुलांना आपल्या झाडाखाली बोलावलं आणि फांद्या हलवल्या. “दोरूसाठी,” असं प्रत्येकाच्या हातावर सफरचंद ठेवताना ती म्हणत होती. सगळ्यांना वाटून झाल्यावर तिने वर्षातलं पहिलं सफरचंद स्वतःच्या तोंडाला लावलं.

सावेताचं लक्ष रुक्सांद्राकडे होतं. “बघ, देस्पिनाआजीनेही खाल्लं. आता तरी खाशील?”

रुक्सांद्राने नाही म्हणून मान हलवली. हातातलं सफरचंद खिशात घातलं आणि कुंपणाच्या फटीतून घरच्या अंगणात गेली. मिरेलाच्या झाडाला दोन्ही हातांनी मिठी मारून तिने ते जमेल तसं हलवलं. बऱ्याच वेळाने एक फळ पडलं. तिने ते फ्रॉकला नीट पुसलं.

सावेता मागोमाग आली होती. तिने सुटकेचा निःश्वास टाकला. उद्या मिरेला येईल, तेव्हा हिला याच झाडाखाली बसवायचं आणि तिच्यादेखत खायला लावायचं. सप्टेंबरपर्यंत पोर आपली.

रुक्सांद्राने सफरचंद चावलं नाही. दोन्ही हातांत धरून ते तिने आजीपुढे केलं.

“हे तू घे,” ती हळूच म्हणाली. “आईने तुला सांगायचं नाही म्हटलंय. मार्चमध्ये तिच्या पोटातलं बाळ गेलं ना, त्याच्यासाठी. आईला काही माहीतच नाही, ती रोज खाते. म्हणून मी थांबले होते.”