बाळाचा ढेकर

१९६८ साली टायफॉइडने माझं दूध आटलं. बाळ बाटली तोंडात धरेना, वाळत चाललं.

नर्सबाई म्हणाल्या, "दूध नसलं तरी दर दोन तासांनी छातीशी लावा. येईल परत."

लावलं. थेंब नव्हता, तरी बाळाने ढेकर दिला. काट्यावर शंभर ग्रॅम जास्त भरलं.

"काटा बिघडलाय," सासूबाई म्हणाल्या.

शेजारी पेपर वाचत बसलेले हे उठले, तर यांची विजार घसरली.

"जेवत जा रे नीट," सासूबाई म्हणाल्या.

पट्ट्याला नवनवी भोकं पाडावी लागली.

विसाव्या दिवशी मला दूध आलं. नर्सबाई आणि सासूबाई म्हातारपणाने गेल्या. हे शेवटपर्यंत काडीच राहिले.

लग्नातल्या फोटोत मात्र गुबगुबीत होते. साठीला आलेला मुलगा तो रोज पुसतो आणि ढेकर देतो. हल्ली फोटोतले हे बारीक दिसतात.