लाल भिंत

"कसलं मेलं हे फुकटातलं सॉफ्टवेअर! परत भिंत लालच दाखवतंय," धरणाच्या ऑफिसातल्या इंजिनिअर मॅडम पुटपुटल्या. भिंतीवरचा ताण मोजणारी ती नवी आवृत्ती त्यांनी काढून पुन्हा टाकली, शेजारच्या कॉम्प्युटरवरही टाकून पाहिली. आजच्या पाण्याला डावी बाजू लाल ती लालच.

"टाकताना काहीतरी राहिलं असेल," एकजण म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" दुसऱ्याने चिमटा काढला. खिडकीतून धरणाखालचं गाव दिसत होतं, पण तिकडे कुणी बघत नव्हतं.

"जुनी आवृत्ती कंटेनरमध्ये आहे ना, बरणीत झाकण लावून ठेवल्यासारखी? तीच चालवा," साहेब म्हणाले. जुनीतली चूक सुधारूनच नवी आली होती, हे सगळ्यांनीच वाचलं होतं. तरी मॅडमनी जुनी चालवली आणि भिंत हिरवी झाली. साहेबांनी 'धोका नाही' म्हणून वर कळवलं आणि फोन घेऊन जिन्यात गेले. दार मागे उघडंच राहिलं.



"अगं ताई, सामान राहू दे. पोरांना घे आणि आत्ताच्या आत्ता गाव सोड. भिंत टिकत नाही."