कुटुंबप्रमुखाची सही

अशिलासाठी मोफत कायदेशीर मदत मागायला वकीलबाईंचा हा तिसरा हेलपाटा. खिडकीमागच्या कारकुनानं अर्ज न वाचताच परत ढकलला. “कुटुंबप्रमुखाची सही कुठंय?” “अहो, दावाच नवऱ्याविरुद्ध आहे! परवा हिला जिन्यावरून ढकललं त्यानं.” “तो त्यांच्या घरचा मामला. रकाना रिकामा चालत नाही.” वकीलबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “माणूस आहात की दगड?” “आवाज खाली! चला, पुढचा कोण?” वकीलबाईंच्या मागे उभी असलेली अशील पुढे झाली. प्लास्टरमधला हात सांभाळत तिनं अर्ज उचलला. “आणते सही. आत्ताच घरी जाते. फक्त साहेब, तुम्हीच मला तिकडे पाठवलंत, एवढं लिहून द्या. मी परत आले नाही, तर बाईंना कागद लागेल.” खिडकीला दोरीनं बांधलेलं पेन तिनं ताणून त्याच्यापुढे धरलं. रांगेतला पुढचा माणूस जागचा हलला नाही.