गुंजनचा गोल

दहावीतल्या गुंजन मडावीनं यंदा ठरवूनच टाकलं होतं, मरायचं नाही म्हणजे नाही!

अल्लीपूरपलीकडच्या त्या मुरमाड माळावर म्हणे पाचशे वर्षांपूर्वी लढाई झाली होती, आणि दर उन्हाळ्यात गाव ती पुन्हा लढायचं. पेठेतली माणसं जिंकायची, गोंडांची मरायची. कोणी कुठं मरायचं, तो चुन्याचा गोलसुद्धा ठरलेला.

"दरसाली आमीच काऊन मरावं जी?" तिनं सकाळीच या खेळाच्या कमिटीच्या पुंडलिकरावांना विचारलं होतं.

"इतिहास हाय तो, पोरी. मुकाट्यानं पडजो."

दुपारी नगारा वाजला. आजूबाजूचे सगळे धपाधप आडवे झाले. गुंजन मात्र आपल्या गोलात मुठी आवळून उभी राहिली. रागानं तिची कानशिलं नुसती पेटली होती. शेवटची शिट्टी होईपर्यंत तिनं गुडघासुद्धा वाकवला नाही. नवल म्हणजे, तिच्यावर कोणी ओरडलंच नाही.

शिट्टी होताच ती तरातरा कमिटीच्या मंडपाकडे गेली. "पाह्यलं ना? नाई पडली मी!"

पुंडलिकराव खुशीत हसले. "मजाक करून राह्यली काय? सगळ्याईच्या पहिले तूच तं पडली. पब्लिकनं टाळ्या वाजवल्या ना!"

"खोटं नका बोलू जी!" गुंजन किंचाळली. "आत्या, तू सांग यायले!"

शेजारच्याच गोलात मेलेली धुरपताआत्या तिच्या मागोमाग आली होती. ती गुंजनच्या पाठीवरची माती झटकत होती. माळ उन्हानं दगडासारखा सुकलेला होता. पाठीवरची माती मात्र काळी होती, ओली होती, आणि कितीही झटकली तरी संपतच नव्हती.