जिवंत माणसांची सवय

बर्नीने झोपलेल्या बाईंची चादर ताणून सारखी केली, कपाळावरचे केस मागे सारले आणि त्यांचे दोन्ही हात छातीवर अलगद एकावर एक ठेवले. मग दोन पावलं मागे होऊन, मान तिरकी करून काम न्याहाळलं. तेवढ्यात बाईंनी डोळे उघडले, स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की अख्खा वॉर्ड हादरला.

ओडमबाईंनी बर्नीला व्हरांड्यात ओढलं. वॉर्डमध्ये विद्यार्थ्यांना शिकवायचं काम त्यांचं. वयाने बर्नीपेक्षा लहान, पण आवाज हेडमास्तरांचा.

"यूरिकबाई, हा काय प्रकार?"

"त्या अवघडून झोपल्या होत्या. म्हटलं, जरा नीट दिसाव्यात."

"दिसाव्यात? कुणाला?"

बर्नीच्या पोलाद-कारखान्यांच्या गावात अंत्यविधीचं दुकान यूरिकांचंच. पाटीवर 'यूरिक आणि मुलगे' असं होतं. मुलगे नव्हतेच, बर्नीच काय ते सगळे मुलगे. गेलेल्या माणसाला न्हाऊ घालायचं, सूट चढवायचा, गालांना थोडा रंग लावायचा आणि पेटीत असं निजवायचं की भेटायला आलेल्यांनी म्हणावं, "अगदी झोपल्यासारखा दिसतोय हो!" यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण तिच्याकडे माणसं नेहमी उशिरा यायची. एकदा तरी वेळेवर भेटावीत, असं तिच्या मनाने घेतलं. पन्नाशीच्या उंबऱ्यावर तिने दुकान विकलं आणि नर्सिंगच्या झटपट कोर्सला नाव घातलं.

झटपट म्हणजे सोपा, असं जाहिरातीत कुठेही म्हटलं नव्हतं. बर्नीनेच तसं वाचलं होतं. आधीची पदवी असली की चार वर्षांचा अभ्यास वर्षभरात कोंबून देत. सोमवारी हृदय, बुधवारी मूत्रपिंड, शुक्रवारी परीक्षा. नोकरी करायची नाही, आजारी पडायचं नाही, एकदा नापास झालं की घरी. बँक सोडून आलेला एकजण रोज गाडीत बसून रडायचा. व्हायोलिन शिकवणारी एक बाई लिफ्टमध्ये उभ्या उभ्या झोपायची. बर्नीचं पुस्तकांशी जमलं. अडलं ते जिवंत माणसांशी. आधीच्या धंद्यात कुणाला काही विचारावं लागत नसे. इथेही ती एक शब्द न बोलता पेशंटला कुशीवर वळवायची. शिवाय व्हरांड्यात नातेवाइकांचे हात हातात घेऊन हलक्या आवाजात म्हणायची, "धीर धरा." परवा एका नवऱ्याला त्यावर घेरी आली. बायकोचं नुसतं अपेंडिक्स काढलं होतं.

"हात सोन्याचे आहेत तुमचे," ओडमबाई म्हणाल्या. "पण माणूस जिवंत असला की त्याच्याशी बोलावं लागतं. कोपऱ्यातल्या खोलीत मिस्टर साबोल आहेत. खुब्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला, पाऊल खाली टेकवत नाहीत. आम्ही सगळे हरलो. त्यांना खुर्चीपर्यंत आणा. नाहीतर मला तुम्हाला नापास करावं लागेल."

"बाई, ते मला ओळखतात," बर्नी म्हणाली.

"उत्तम! मग बोलायला सोपं जाईल."

गेल्या हिवाळ्यात साबोलची बायको ओल्गा वारली, तेव्हा तिला बर्नीनेच सजवलं होतं. आता ती दुकानवालीच कॉटच्या पायथ्याशी उभी दिसली, तर म्हाताऱ्याचं व्हायचं काय? ती दबकत आत गेली. त्याच्या लेकीने आणलेले पिएरोगी, त्या बटाटा भरलेल्या करंज्या, तसेच गार पडले होते. साबोलने मान वळवली आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"आलीस, पोरी? किती वाट बघायला लावलीस! निळा सूट काढ. कपाटात डावीकडे आहे. टाय ओल्गाने दिलेला. आणि गाल गुलाबी करू नकोस हं, मी जन्मात कधी गुलाबी नव्हतो." एवढं सांगून त्याने डोळे मिटून घेतले.

म्हातारा पायामुळे अडला नव्हता. तो जायची तयारी करून बसला होता. दारात ओडमबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"साबोलकाका," बर्नी म्हणाली, "मी त्या कामासाठी नाही आले. मी नर्सिंग शिकतेय."

साबोलने एक डोळा उघडला. "या वयात? आणि दुकान?"

"विकलं. आमच्या रँडीला. चुलतभाऊ माझा, अधूनमधून मदतीला यायचा."

दुसरा डोळाही उघडला. "रँडी? माझ्या भावाची मिशी भादरली, तोच ना? अगं, जन्मभर जपलेली मिशी! पेटी उघडली तर आत कुणी परकाच! आम्हाला वाटलं, भलत्याच्याच मयताला आलो."

"चुकलंच त्याचं," बर्नी म्हणाली. आपण पेशंटशी बोलतोय आणि तो उत्तर देतोय, हे तिच्या ध्यानात आलं. मग तिला थांबवेना. "आता तर रंगासाठी फवारा घेतलाय म्हणे त्याने. एका झटक्यात दोन्ही गाल."

हे अगदी खोटं नव्हतं. अगदी खरंही नव्हतं.

साबोलने उशीवरून मान उचलली. "वय काय त्याचं?"

"छत्तीस."

"तब्येत?"

"ठणठणीत."

साबोलने पांघरूण भिरकावलं. "बघतेस काय? तो वॉकर आण इकडे!"

पाय जमिनीला लागले तेव्हा त्याने आपल्या आईच्या भाषेत शिव्यांची अशी लड लावली की बर्नीला निम्म्या नव्यानेच कळल्या. तिने त्याला काखेखाली हात घालून घट्ट धरलं आणि पावलागणिक सांगत राहिली: आता हा पाय, आता तो, श्वास घ्या. घामाने निथळत म्हातारा खुर्चीपर्यंत आला, खुर्ची ओलांडून दाराबाहेर पडला आणि व्हरांड्याला लागला.

"मिस्टर साबोल!" ओडमबाई मागे धावल्या. "अहो, फक्त खुर्चीपर्यंत जायचं होतं!"

"बाजूला व्हा बाई," साबोल न थांबता म्हणाला, "तो रँडी रिटायर होईपर्यंत जगायचंय मला."